गुन्हेगारीशास्त्राचे पायाभूत वर्ष
दंड देण्याची प्रथा राज्यसंस्थेइतकी जुनी आहे. गुन्हेगाराला समजून घेण्याची विद्या मात्र अर्वाचीन. १७६४ मध्ये इटलीच्या बेकारियाने अमानुष शिक्षांविरुद्ध लेखणी उचलली. त्याच्या लेखी गुन्हेगार हा लाभहानी तोलणारा विवेकी मनुष्य होता. १८७६ मध्ये लोंब्रोसोने गुन्हेगाराची खूण कवटीच्या घडणीत शोधली. दोघांचीही दृष्टी एकांगी ठरली.

इंग्लंडमधील विद्यापीठांत हे शास्त्र रुजवले ते मुख्यतः परदेशांतून आलेल्या विद्वानांनी. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले मॅनहाइम लंडनमध्ये व ग्रुनहुट ऑक्सफर्डमध्ये शिकवू लागले. पोलंडच्या राझिनोविच यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये केंब्रिजला स्वतंत्र संस्था उभी राहिली.

याच काळात, १९५० मध्ये, कील येथे लॉर्ड लिंडसे यांच्या नव्या महाविद्यालयाने चार वर्षांच्या पदवीतील पहिले वर्ष पायाभूत ठरविले. त्यात साहित्याच्या विद्यार्थ्याला विज्ञानाचा व विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इतिहासाचा परिचय करून घ्यावा लागे. पुढे या वर्षाचा हेतू पालटला. आज ब्रिटनमध्ये पूर्वतयारी अपुरी असलेल्यांना ते गुन्हेगारीशास्त्राचे द्वार उघडून देते. तरीही मूळ कल्पनेचे मोल उणावलेले नाही. ज्या विद्येच्या निष्कर्षांवर कुणाचे तरी स्वातंत्र्य अवलंबून असते, तिचा पाया रुंदच असावा लागतो.