केसपेपरची कुळकथा

सरकारी दवाखान्यात डॉक्टर नंतर भेटतात, आधी खिडकी लागते. दाभोळच्या बंदरावरून आलेली मासेवाली असो की दापोलीचे गुरुजी, खिडकीतून पहिला प्रश्न एकच : नवीन की जुना? नवीन असाल तर नाव, वय, गाव सांगायचं आणि केसपेपर काढायचा. त्याचे पाच-दहा रुपये पडायचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तेही पडत नाहीत. कागद फुकट झाला, पण त्याच्यावाचून आजही पान हलत नाही. पेशंटच्या सोयीसाठी कुणीतरी तो काढला असणार, असं वाटतं. त्याचं कूळ मात्र वेगळंच सांगतं.

दाभोळहून दापोली तासाभराची वाट. इंग्रजांची छावणी होती म्हणून जुनी माणसं दापोलीला अजून ‘कॅम्प’ म्हणतात. केसपेपरचा मूळपुरुष अशाच छावण्यांमधला. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई पोचल्या, तेव्हा तिथे मृत्यूंच्या तीन वेगवेगळ्या वह्या होत्या आणि तिन्हींतले आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. माणसं मरत होती, पण किती आणि कशानं, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. पुढे बाईंच्याच आग्रहानं हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्यासाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला. बाई स्वतः हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. त्यांनी छापील प्रश्नपत्रकं छावण्या-छावण्यांत धाडली. पाणी कुठून येतं, गटार कुठे जातं, इस्पितळात खाटा किती, हवा कशी खेळते. १८६३ च्या अहवालात उत्तर आलं : दर हजार गोऱ्या शिपायांमागे वर्षाला ६९ मृत्यू, आणि बहुतेक टाळता येण्याजोग्या आजारांनी. दहा-बारा वर्षांत तो आकडा अठरावर आला, असं बाईंनीच मांडलं. गटाराचा आणि मृत्यूचा प्रश्न त्यांनी एकाच कागदावर विचारला होता. दवाखान्यातली नोंद आणि स्वच्छता ही सख्खी भावंडं आहेत ती तेव्हापासून.

खरं तर त्याच्याही आधीपासून. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते. १८४६ साली डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या विभागात शंभरातल्या अकरांहून अधिक बाळंतिणी दगावल्या, सुइणींच्या विभागात तिनांहूनही कमी. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरनं वह्या समोर ठेवून डोकं लढवलं. शवविच्छेदन करून तेच हात घेऊन विद्यार्थी बाळंतपणाला येत होते. १८४७ च्या मे महिन्यात त्यानं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि महिन्याभरात पहिल्या विभागातले मृत्यू अडीच टक्क्यांच्या आत आले. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, ती त्याच चुन्याच्या घरातली. हात धुण्याचा नियम आला तो असा, वहीच्या पोटातून.

आपल्याकडे मात्र वहीची ओळख झाली ती दंडुक्यासकट. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. घराघरांत झडती, प्रेतांची तपासणी, इस्पितळात उचलून नेणं, रेल्वे स्टेशनांवर आणि धक्क्यावर प्रवाशांच्या काखा-जांघा चाचपणं. शहरातून लाखो माणसं पळाली. रत्नागिरी जिल्ह्यातले गिरणी कामगार त्यांत होतेच, आणि त्यांची वाट आगबोटीची. कोकणातल्या कितीतरी घरांची सरकारी डॉक्टरशी पहिली गाठ अशी पडली असेल. त्यात इलाज कमी, नाव-गाव-मुक्कामाची नोंद जास्त. लोकांनी मग जे करायचं तेच केलं. आजारी माणूस पोटमाळ्यावर लपवला, मृत्यूचं कारण ‘ताप’ सांगितलं. मुंबईत त्या काळात नेहमीपेक्षा जितके जास्त मृत्यू झाले, त्यांतले पुष्कळसे प्लेगच्या रकान्यात आलेच नाहीत. साहेबासाठी लिहिलेल्या वहीत माणसं खोटं लिहवून घेतात, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. आपण ते मनावर घेतलं नाही, इतकंच.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई प्रांतात शुश्रूषागृह नोंदणी कायदा झाला. खासगी दवाखान्यानं नोंदणी करायची, तपासणीला दार उघडायचं, पेशंटच्या आणि जन्ममृत्यूंच्या नोंदी ठेवायच्या. पण कागद पाहायचा तो तपासनिसानं. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं, तसा कागद वकिलांसाठीही महत्त्वाचा झाला. अक्षर सुधारलं नाही, मजकूर मात्र वाढला. पेशंटला आपल्या केसपेपरची नक्कल मागायचा हक्क आहे, हे मुंबई हायकोर्टाला १९९६ साली सांगावं लागलं. २००२ मध्ये मेडिकल कौन्सिलनं नियम घातला : दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचे, मागितले तर ७२ तासांत द्यायचे. ज्याच्या अंगावर बेतलेलं असतं, त्याच्या हाती कागद यायला एवढी वर्षं लागली.

स्वच्छतेची शाखा याच सुमारास फुटली. १९९८ ला जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम झाले, २०१६ ला ते नव्यानं लिहिले गेले. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांना पांढरा डबा, काचेला निळा, पिशवीवर बारकोड. जिथे कचऱ्याची गाडी पोचू शकत नाही, अशा दुर्गम भागात खोल खड्ड्याची मुभा आहे. दोन मीटर खोल. दर वेळी कचरा टाकला की वर दहा सेंटिमीटर माती. अर्धा भरला की चुना टाकून बुजवायचा. तळाखाली भूजल किमान सहा मीटर लांब. जांभ्याच्या सड्यावर, जिथे जुलैत पाणी दगडातून पाझरत असतं, तिथे अशी जागा शोधून दाखवा! शिवाय प्रत्येक खड्ड्याची नोंद ठेवायची. भावंडं इथेही सुटत नाहीत.

२०१५ मध्ये ‘कायाकल्प’ योजना आली. दवाखान्यांना गुण, सत्तर टक्क्यांच्या वर बक्षिसाची आशा. खूप ठिकाणी भिंती रंगल्या, परसबागा उगवल्या, आणि प्रसूतिकक्ष खरोखर स्वच्छ झाले, हे कबूल केलं पाहिजे. पण संडासाच्या दाराआड टांगलेला सफाईचा तक्ता एकदा वाचून बघा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, महिनाभराच्या बरोबरच्या खुणा. सगळ्या एकाच शाईच्या, एकाच तिरकेपणाच्या. ज्यानं तो भरला त्याला तो पुन्हा वाचायचा नाही. सेमेलवाइसला वाचायचा होता.

कोकणात आणखी एक तपासनीस आहे, त्याला कुणी चहा पाजू शकत नाही. चार महिन्यांची ओल आणि वाळवी. रेकॉर्ड रूमच्या खालच्या फळीवरचे गठ्ठे तीन वर्षं टिकवणं हीच मोठी कामगिरी. बाह्यरुग्णाचा कागद तर पेशंटच घरी नेतो. आता कॉम्प्युटर आले आहेत, वीज आणि नेटवर्क असेल तेव्हा चालतात. पण दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं उतरून डेरवणच्या दवाखान्यात जाणाऱ्या, नाहीतर रत्नागिरीच्या सिव्हिलला निघालेल्या म्हाताऱ्याच्या काखेत बघा : साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, घडीवर फाटलेले केसपेपर. समोरचा डॉक्टर विचारतो, “जुने पेपर आणलेत का, आजोबा?” आणि आजोबा पिशवी टेबलावर उपडी करतात.