मंडालेच्या तुरुंगांतील कर्मयोग

फळाची आशा न धरतां कर्म करावें, हा गीतेचा उपदेश घरोघरीं ठाऊक आहे. पण आशाच नसेल तर मनुष्य हात तरी कशाला हालवील, ही शंकाही तितकीच जुनी आहे. या शंकेचें उत्तर लोकमान्य टिळकांनीं आपल्या ग्रंथांत दिलें. आणि त्या ग्रंथाच्या कथेंतही तें सांपडतें.

२२ जुलै १९०८ रोजीं राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशीं त्यांना बावन्न वर्षें पूर्ण व्हावयाचीं होतीं. शरीरांत मधुमेह मुरलेला होता. ब्रह्मदेशांत मंडालेच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यांत आलें. तेथें सुटे कागद मिळत नसत. पानांवर आंकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळत. शाई वर्ज्य, केवळ शिसपेन्सिली. एवढ्या सामग्रीवर १९१०-११ च्या हिंवाळ्यांत 'गीतारहस्य' लिहून झालें.

पूर्वींच्या बहुतेक भाष्यकारांनीं गीतेचा कल संन्यासाकडे किंवा भक्तीकडे दाखविला होता. टिळकांनीं गीतेचा प्रारंभ व शेवट जुळवून पाहिला. युद्ध सोडावयास निघालेला अर्जुन अखेरीस युद्धास उभा राहतो. तेव्हां उपदेश कर्म सोडण्याचा नसून तें करण्याचाच असला पाहिजे. ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठीं कर्म करीत राहावें, हा त्यांचा निष्कर्ष.

निष्काम म्हणजे बेफिकीर नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्मसिद्धीचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनें, नाना क्रिया आणि दैव. कर्ता हा पांचांतील एक. म्हणून त्यानें आपला वांटा चोख करावा. फळ सर्वस्वीं आपलें, असें मात्र म्हणूं नये.

१९१२ सालीं टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यास वारल्या. ते दूर मंडालेसच होते. जून १९१४ मध्यें त्यांची सुटका झाली, परंतु वह्या सरकारनें ठेवून घेतल्या. त्या परत मिळतात कीं नाहीं, अशी धास्ती स्नेह्यांना वाटूं लागली. टिळक मात्र निश्चिंत होते. वह्या गेल्या तरी ग्रंथ डोक्यांत आहे, तो पुन्हा लिहून काढतां येईल, असा त्यांचा भरंवसा होता, असें सांगतात. पुढें वह्या परत आल्या आणि १९१५ सालीं ग्रंथ छापून निघाला.

त्या आल्या नसत्या तर? शिसपेन्सिल पुन्हा हातीं धरली गेली असती. फलाशा सोडणें म्हणजे काय, याचें याहून सोपें उदाहरण सांपडणें कठीण.