कॉर्नेलिया सोराबजी

कॉर्नेलिया सोराबजी (१५ नोव्हेंबर १८६६, नाशिक – ६ जुलै १९५४, लंडन) या भारतातील पहिल्या महिला वकील, समाजसेविका आणि लेखिका होत्या. ऑक्सफर्ड विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर म्हणूनही त्यांची नोंद केली जाते. कायद्याच्या परीक्षा उत्तीर्ण होऊनही केवळ स्त्री असल्यामुळे त्यांना सुमारे दोन दशके वकिलीची सनद मिळाली नाही. या काळात त्यांनी पडद्यात राहणाऱ्या विधवा, जमीनदार घराण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन वारस यांच्या मालमत्तेच्या हक्कांसाठी काम केले.

जन्म आणि कुटुंब

कॉर्नेलिया यांचा जन्म नाशिक येथे झाला. त्यांचे वडील सोराबजी खरसेटजी हे पारशी कुटुंबात जन्मलेले होते. पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते धर्मोपदेशक झाले. आई फ्रान्सिना यांचा सांभाळ एका ब्रिटिश दांपत्याने केला होता. फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा चालवली आणि मुलींच्या शिक्षणाचा आयुष्यभर पुरस्कार केला. मदतीसाठी व सल्ल्यासाठी स्त्रिया त्यांच्याकडे येत. स्त्रियांचे मालमत्तेचे आणि वारशाचे प्रश्न कॉर्नेलिया यांना लहानपणीच परिचित झाले, ते घरातील या वातावरणामुळे. कॉर्नेलिया यांचे बालपण बेळगाव आणि पुणे येथे गेले. त्यांच्या भगिनी सुसी सोराबजी यांनी पुण्यातील सेंट हेलेनाज ही शाळा स्थापन केली, तर दुसऱ्या भगिनी ॲलिस या डॉक्टर झाल्या.

शिक्षण

कॉर्नेलिया यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला. त्या महाविद्यालयातील त्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या. मुंबई विद्यापीठाची पदवी परीक्षा त्या प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्या. त्यांच्या कथनानुसार या परीक्षेत त्यांना सर्वाधिक गुण होते आणि त्या आधारावर इंग्लंडमधील उच्च शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. परंतु ती स्त्रियांना देता येत नाही, असे कारण देऊन नाकारण्यात आली. त्यानंतर काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन केले. या महाविद्यालयात पुरुष विद्यार्थी शिकत असल्याने एका तरुण स्त्रीने तेथे शिकवणे ही त्या काळी असाधारण बाब होती.

शिष्यवृत्ती नाकारली गेल्याचे समजल्यावर इंग्लंडमधील काही हितचिंतकांनी त्यांच्यासाठी निधी उभारला. लेडी मेरी हॉबहाउस यांनी यात पुढाकार घेतला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न यांनीही साहाय्य केले. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. बॅलिओल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांचा त्यांना पाठिंबा लाभला.

१८९२ मध्ये विद्यापीठाने विशेष ठराव करून त्यांना ‘बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ’ या परीक्षेस बसण्याची परवानगी दिली. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. परीक्षा उत्तीर्ण झाल्या तरी पदवी मात्र त्यांना मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड विद्यापीठ त्या वेळी स्त्रियांना पदवी देत नसे. हा नियम १९२० मध्ये बदलला आणि १९२२ मध्ये, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी, त्यांनी ऑक्सफर्डला जाऊन पदवी स्वीकारली.

सनदेसाठी प्रयत्न

लंडनमधील एका सॉलिसिटर पेढीत काही काळ अनुभव घेऊन कॉर्नेलिया भारतात परतल्या. काठेवाड आणि इंदूर येथील संस्थानी प्रदेशांत ब्रिटिश एजंटांसमोर पडदानशीन स्त्रियांच्या वतीने कैफियत मांडण्याची विशेष परवानगी त्यांना मिळाली. मात्र ही परवानगी त्या त्या प्रकरणापुरतीच असे. ब्रिटिश हद्दीतील न्यायालयांत नियमित वकिली करण्यासाठी सनद आवश्यक होती.

सनद मिळावी म्हणून १८९७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा दिली आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. दोन्ही परीक्षांना बसण्यास हरकत घेण्यात आली नव्हती. उत्तीर्ण झाल्यावर नाव नोंदवून घेण्यास मात्र न्यायालयाने नकार दिला. स्त्रीला कायदा शिकता येत होता, परंतु त्या ज्ञानाच्या आधारे न्यायालयात उभे राहता येत नव्हते.

पडदानशीन स्त्रियांची कायदेशीर स्थिती

कॉर्नेलिया यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन पडदापद्धतीचा कायदेशीर परिणाम लक्षात घ्यावा लागतो. उत्तर व पूर्व भारतातील अनेक प्रतिष्ठित हिंदू आणि मुस्लिम घराण्यांतील स्त्रिया कुटुंबाबाहेरील पुरुषांसमोर येत नसत. यांपैकी काहींच्या नावावर मोठ्या जमिनी, दागिने आणि रोकड असे. विधवा म्हणून काहींना पतीच्या मालमत्तेतून निर्वाहाचा हक्क होता, तर काही अल्पवयीन मुलांच्या पालक होत्या.

वकील, न्यायाधीश, लेखनिक आणि मुद्रांक विक्रेते हे सर्व पुरुषच होते. त्यामुळे अशा स्त्रियांचा कायद्याशी येणारा संबंध कारभारी, दिवाण किंवा नातेवाईक यांच्यामार्फतच येई. ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची, अनेकदा तोच त्यांचा एकमेव मध्यस्थ असे. पडद्यामागे धाडलेल्या कागदावर अंगठा उमटवताना त्यातील मजकूर काय आहे, हे त्या स्त्रीला ठाऊक असेलच असे नव्हते.

हा धोका न्यायालयांना अपरिचित नव्हता. पडदानशीन स्त्रीने करून दिलेल्या दस्ताचा लाभ मागणाऱ्यानेच तिला तो दस्त समजला होता हे सिद्ध करावे, असे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयांतून रूढ झाले होते. रूढीनुसार लोकांसमोर न येणाऱ्या स्त्रियांना न्यायालयात प्रत्यक्ष हजर राहण्यापासून सूटही होती. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १३२ मध्ये ही तरतूद आढळते. परंतु हे संरक्षण वाद न्यायालयापर्यंत पोहोचल्यावरच उपयोगी पडे. तेथवर पोहोचण्यासाठी लागणारा विश्वासू सल्लागार बहुतेक स्त्रियांपाशी नव्हता. अंतःपुरात जाऊ शकणारी आणि कायदा जाणणारी स्त्री ही उणीव भरून काढू शकेल, असा कॉर्नेलिया यांचा युक्तिवाद होता.

कोर्ट ऑफ वॉर्ड्समधील कार्य

१९०२ पासून कॉर्नेलिया यांनी लंडनमधील इंडिया ऑफिसकडे पाठपुरावा सुरू केला. प्रांतिक न्यायालयांत स्त्रिया आणि अल्पवयीन मुले यांच्यासाठी महिला कायदा सल्लागार नेमावी, अशी त्यांची मागणी होती. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची ‘लेडी असिस्टंट’ या पदावर नेमणूक झाली. वारस अल्पवयीन असल्यास किंवा मालक कारभार पाहण्यास असमर्थ ठरल्यास, अशा जमीनदारीची व्यवस्था सरकारच्या वतीने पाहणारी ही यंत्रणा होती. १९०७ पर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम असे विस्तारले.

या पदावर काम करताना त्या दूरदूरच्या जमीनदार घराण्यांत जाऊन स्त्रियांशी समक्ष बोलत. निर्वाहाची रक्कम वेळेवर मिळते की नाही, दागिने व कागदपत्रे कोणाच्या ताब्यात आहेत, अल्पवयीन वारसाचे शिक्षण आणि आरोग्य कसे आहे, याची माहिती घेऊन त्या अधिकाऱ्यांना कळवीत. सवती, सासू-सुना आणि दत्तक वारस यांच्यातील अनेक तंटे न्यायालयाबाहेर मिटवणे हाही त्यांच्या कामाचा भाग होता. सुमारे वीस वर्षांत त्यांनी ६०० हून अधिक स्त्रिया व अनाथ मुलांना कायदेशीर मदत केल्याचा अंदाज आहे. यांतील काहींकडून त्यांनी शुल्क घेतले नाही. १९०९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

वकिलीचा व्यवसाय स्त्रियांना खुला

दरम्यान इतर स्त्रियांनीही सनदेसाठी न्यायालयांचे दार ठोठावले. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने फेटाळला. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो, असा अर्थ लावण्याचा सर्वसाधारण नियम असला, तरी वकिलांविषयीच्या कायद्याला तो लागू होत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज पाटणा उच्च न्यायालयाने अमान्य केला. त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र कॉर्नेलिया यांचे नाव वकील म्हणून नोंदवून घेतले. परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर बावीस वर्षांनी मिळालेली ही सनद होती.

उच्च न्यायालयांच्या भिन्न भूमिकांमुळे निर्माण झालेली संदिग्धता १९२३ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्टने दूर केली. केवळ स्त्री आहे या कारणावरून कोणालाही वकिलीची सनद नाकारता येणार नाही, असे या कायद्याने स्पष्ट केले. मिठन टाटा (विवाहानंतर मिठन लाम) यांनी त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. त्या न्यायालयात वकिली करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

कॉर्नेलिया यांनी १९२४ मध्ये कलकत्त्यात वकिलीस प्रारंभ केला. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न वर्षांचे होते. कायद्याने अडसर दूर केला असला तरी व्यवसायातील पूर्वग्रह कायम होता. त्यांच्याकडे मुख्यतः प्रकरणांवर लेखी मत देण्याचे काम येई. न्यायालयात युक्तिवाद करण्याची संधी क्वचितच मिळे. १९२९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि लंडनमध्ये स्थायिक झाल्या.

राजकीय भूमिका आणि टीका

कॉर्नेलिया ब्रिटिश राजवटीच्या समर्थक होत्या. बहुसंख्य स्त्रिया निरक्षर असताना केलेल्या राजकीय सुधारणा टिकणार नाहीत आणि शिक्षण हीच सुधारणेची पहिली पायरी आहे, असे त्यांचे मत होते. महात्मा गांधींच्या सविनय कायदेभंगाला त्यांनी उघड विरोध केला. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथरिन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकावर भारतात तीव्र टीका झाली. कॉर्नेलिया यांनी मेयो यांची बाजू घेतल्यामुळे त्यांच्या सामाजिक कार्याला मिळणारा पाठिंबा ओसरला. स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या राष्ट्रवादी कार्यकर्त्याही त्यांच्यापासून दूर गेल्या. स्वातंत्र्योत्तर काळात त्यांचे नाव दीर्घकाळ विस्मृतीत राहण्यामागे ही भूमिका एक कारण मानले जाते.

लेखन

कॉर्नेलिया यांनी इंग्रजीत विपुल लेखन केले. त्यांची काही पुस्तके पुढीलप्रमाणे :

लव्ह अँड लाइफ बिहाइंड द पर्दा (१९०१)
बिट्वीन द ट्वायलाइट्स (१९०८)
द पर्दानशीन (१९१७)
देअरफोर (१९२४) – आईवडिलांविषयीच्या आठवणी
इंडिया कॉलिंग (१९३४) – आत्मचरित्र
इंडिया रिकॉल्ड (१९३६)

वारसा

६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लंडनच्या लिंकन्स इनमध्ये २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी गूगलने डूडलद्वारे त्यांच्या जयंतीची दखल घेतली. सुपर्णा गुप्तू यांनी आणि कॉर्नेलिया यांचे पुतणे, तत्त्वज्ञ रिचर्ड सोराबजी यांनी त्यांची चरित्रे लिहिली आहेत. भारतीय स्त्रियांच्या वकिली व्यवसायातील प्रवेशाचा इतिहास लिहिताना त्यांच्या राजकीय मतांशी असहमत असलेले अभ्यासकही त्यांच्यापासूनच प्रारंभ करतात.