इशारा पातळी, धोका पातळी

हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत. जळगाव-भुसावळकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दर पावसाळ्यात त्यातले किती उघडले हे पेपरात येतं आणि बातमीच्या शेवटी "नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे" हे असतंच. आता सर्व्हरवर पहारा ठेवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल लिहायला बसून हा हतनूरला कुठे पोचला, असं ब्लॉगवाल्या मित्रांना वाटेल. पण आमच्याकडचे काका-मावश्याही हे वाचतात, आणि मी नेमकं काय काम करतो हे त्यांना नदीवरूनच लवकर कळेल.

तर, धुळ्यात 1872 साली पांझरेला मोठा पूर आला, घरादारांचं खूप नुकसान झालं. त्या काळी वरच्या गावचं पाणी खाली कळवायला माणूसच धावायचा. केंद्रीय जल आयोगाने पुराचे अंदाज द्यायला 1958 साली दिल्लीत यमुनेवर सुरुवात केली. पुढे हे काम इतर नद्यांवर गेलं, तापीवरही आलं. भुसावळ, गिधाडे, सारंगखेडा इथे पाणी मोजतात. पाणी तर रोजच वरखाली होत असतं, त्यातलं दखल घेण्याजोगं कुठलं हे दोन आकडे ठरवतात. इशारा पातळी म्हणजे तयारीला लागा. धोका पातळी म्हणजे आता हला.

अमेरिकेतल्या ईथन गॅलस्टाडने 1996 साली डॉसवर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो नोव्हेलच्या सर्व्हरना पिंग करायचा, म्हणजे "आहेस ना?" असं विचारायचा, आणि उत्तर नाही आलं तर पेजरवर आकडे पाठवायचा. तीच कल्पना लिनक्सवर नेऊन त्याने 1999 च्या मार्चमध्ये नेटसेंट हा ओपन सोर्स प्रोग्रॅम बाहेर काढला. नावाच्या ट्रेडमार्कवरून अडचण आली, म्हणून 2002 मध्ये त्याचं नाव नॅगिऑस झालं. ग्रीक भाषेत 'आगिओस' म्हणजे संत, आणि नव्या नावाची फोड अशी सांगतात की आता संतपणाचा आग्रह नाही! (ट्रेडमार्कवाल्यांना मारलेला असा टोला मला फार आवडतो.)

नॅगिऑस स्वतः काहीच मोजत नाही. मोजायला छोटे छोटे प्लगइन असतात आणि प्रत्येकाने फक्त एक आकडा परत द्यायचा: 0 म्हणजे ठीक, 1 म्हणजे इशारा, 2 म्हणजे धोका. इथवर आपली नदीच झाली. पण चौथा आकडाही आहे, 3, म्हणजे 'माहीत नाही'. माझ्या मते या सगळ्या रचनेतली ही सगळ्यात शहाणी गोष्ट. मोजणाऱ्याचा फोन लागत नाही याचा अर्थ पाणी कमी आहे असा होत नाही. तरी हा तिसरा आकडा बंद करून ठेवलेले सर्व्हर मी पुष्कळ पाहिलेत.

सोबत येणाऱ्या नमुना फाइलमध्ये डिस्कसाठी लिहिलेलं असतं, 20 टक्के जागा उरली की इशारा, 10 टक्के उरली की धोका. हे आकडे निव्वळ उदाहरणादाखल, पण लोक ते जसेच्या तसे ठेवतात. 20 जीबीच्या डिस्कवर 10 टक्के म्हणजे 2 जीबी, एका रात्रीत संपेल. 2 टीबीच्या डिस्कवर तेच 10 टक्के म्हणजे 200 जीबी, कदाचित वर्षभर पुरेल आणि वर्षभर अलर्ट वाजत राहील. भुसावळची धोका पातळी कोणी सारंगखेड्याला लावेल का?

आणि उगाच वाजणारा अलर्ट फार वाईट. "लांडगा आला रे आला" हे आपण लहानपणीच ऐकलंय. पाच रात्री फुकट उठवलेला माणूस सहाव्या रात्री फोन उलटा ठेवून झोपतो, आणि नेमका त्याच रात्री डेटाबेस झोपतो. त्यावर नॅगिऑसमध्ये बरेच उपाय आहेत. एकदा चूक दिसली की लगेच बोंब नाही. ठरवून दिलेल्या वेळा, समजा 3 वेळा, तपासून तीच चूक दिसली तरच ती पक्की धरायची. शेवटच्या 21 तपासण्यांत अवस्था सारखी बदलत असेल तर "हे फडफडतंय" म्हणून गप्प बसायचं. मधला राउटरच बंद असेल तर त्यामागच्या चाळीस सर्व्हरना 'बंद' न म्हणता 'पोचता येत नाही' म्हणायचं. अर्थात तीनदा तपासण्यात काही मिनिटं जातात. नदीला तेवढी चालतात, पैशांचे व्यवहार करणाऱ्या सर्व्हरला चालतीलच असं नाही. ती किती, हे प्रोग्रॅम सांगत नाही. ज्याला उठायचंय आणि ज्याचं नुकसान होणार आहे, त्या दोघांनी बसून ठरवायचं असतं. ते बसत नाहीत. असो.

पुढे फांद्या फुटल्या. 2001 मध्ये झॅबिक्स आलं. 2009 मध्ये नॅगिऑसमधूनच वेगळं होऊन इसिंगा निघालं. 2012 मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत प्रोमिथियसची सुरुवात झाली आणि तिथे मला पुन्हा तापी भेटली. त्यात 'प्रेडिक्ट लिनियर' नावाचं फंक्शन आहे. डिस्क आत्ता किती भरली हे सोडा, या वेगाने चार तासांत संपेल का ते सांगा! वरच्या गावचं पाणी पाहून खालच्यांना कळवायचं, तसंच हे. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्यात सुरतचा मोठा भाग बुडाला, तेव्हाही भांडण पातळीपेक्षा वेळेचंच होतं. धरण आधी किती रिकामं करायला हवं होतं, आणि केव्हा?

फक्त डिस्क सरळ रेषेत भरत जाते असं ते फंक्शन धरून चालतं. चांगदेवला पूर्णा येऊन मिळते तेव्हा तापी काही सरळ रेषेत चढत नाही, आणि मध्यरात्री कुणाचा बॅकअप सुरू झाला की डिस्कही नाही.