साखर आणि मी

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा एखादी पाककृती द्यावी असे मनात होते. मंडळाच्या फराळाचे लाडू गेली कित्येक वर्षे माझ्याकडेच असतात. पण आज जरा निराळे लिहिते आहे.

गेल्या श्रावणात, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, माझ्या रक्तात साखर निघाली. उपाशीपोटी १९८. सहा महिने मी हे कुणाला सांगितले नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हातावर पडलेला तिळाचा लाडू मी गुपचूप रुमालात बांधला. माझ्या मावशीचा पाय याच दुखण्यात कापावा लागला होता आणि घरात त्याचे नावही कुणी काढीत नसे. तेच भय माझ्या मनात बसले होते.

शेवटी मुलीने वाचनालयातून पुस्तके आणून दिली. वाचू लागले तशी भीती थोडी सैल झाली.

हे दुखणे काही आजचे नव्हे. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले. त्यांतलाच एक मधुमेह. रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, हे त्यांच्या ध्यानी आले होते. काहींना तो जन्मतः असतो, काहींना अपथ्याने जडतो, हा भेदही सुश्रुताने केला. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तो त्याला मधुमेह झाला. रोगाचे मूळ कोठे आहे ते तेव्हा कळले. उपाय मात्र नव्हता. मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून दिवस ढकलावे लागत.

१९२१ साली कॅनडात टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी तो एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचला, पण अर्क अशुद्ध असल्याने गुण आला नाही. कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि २३ तारखेपासून मूल सुधारू लागले. हेच इन्शुलिन. त्याचे हक्क त्यांनी विद्यापीठाला अवघ्या एकेका डॉलरला दिले.

त्याच वर्षी एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी टोरांटोस आली. वय पंधरा, वजन सुमारे वीस किलो! इन्शुलिनवर ती १९८१ पर्यंत जगली, तिला तीन मुले झाली. पण आपला आजार तिने जन्मभर लोकांपासून लपवला. हे वाचले आणि मला माझा रुमाल आठवला.

माझा प्रकार तिच्याहून वेगळा. काहींच्या शरीराला इन्शुलिन नीट लागू पडत नाही, हे १९३६ साली लंडनच्या हिम्सवर्थ यांनी दाखवून दिले. पोक्तपणी होणारा मधुमेह बहुधा याच जातीचा. मी घेते ती मेटफॉर्मिनची गोळी झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ साली पुढे आणली. यकृतातून रक्तात उतरणारी साखर ती कमी करते. आणि रोग्याने स्वतः आपले दुखणे शिकून घ्यावे, म्हणून बॉस्टनच्या डॉ. जॉस्लिन यांनी १९१८ सालीच रोग्यांसाठी पुस्तक लिहिले होते.

तेव्हा मीही शिकले. भात निम्मा केला, ज्वारीची भाकरी वाढवली, संध्याकाळी चालते. रात्री निजण्यापूर्वी दोन्ही तळवे आरशात पाहते. मावशीच्या टाचेची जखम कुणी वेळेवर पाहिलीच नव्हती. परवाच्या तपासणीत उपाशीपोटी १२४ आली.

भगिनींनो, एवढीच विनंती. चाळिशी उलटली असेल तर एकदा रक्त तपासून घ्या. आणि हळदीकुंकवाला कुणी गोड नको म्हणाली, तर "एकाने काय होतंय" असा आग्रह करू नका. तिच्याही रुमालात काही बांधलेले असेल.

यंदाचे लाडू मीच वळणार आहे. चव मात्र तुम्ही पाहायची.