कामशेतचे रियासतकार आणि आपला इनबॉक्स

मंडळी, शनिवार-रविवारी पुण्याहून लोणावळ्याला जाताना कामशेत कधी येऊन गेलं हे आपल्यातल्या बहुतेकांना कळतही नाही. लोकल क्षणभर थांबते आणि निघते, आणि आपलं लक्ष भुशी डॅमकडे नाहीतर चिक्कीकडे लागलेलं असतं. पण मराठ्यांच्या इतिहासात ज्याला थोडाही रस आहे त्याने या मावळातल्या गावाला एक नमस्कार करायला हरकत नाही. गोविंद सखाराम सरदेसाई, म्हणजे रियासतकार सरदेसाई, बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीतून १९२५ साली निवृत्त झाले आणि इथे येऊन राहिले. तेव्हा त्यांचं वय साठ होतं. त्यानंतर ते आणखी चौतीस वर्षं जगले, आणि त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कामं याच काळात झाली.

आता सॉफ्टवेअरवाल्याने रियासतकारांवर का लिहावं? कारण आज आपल्यापैकी प्रत्येकाकडे एकेक छोटं पेशवे दप्तर साठलंय. पंधरा-वीस वर्षांचे मेल, तीन जुन्या हार्ड डिस्क, कपाटातल्या सीड्या, आणि 'न्यू फोल्डर (७)' :) हे लावायचं कसं, आणि मुळात लावायचं कशाला, या प्रश्नांची बरीचशी उत्तरं मला संगणकाच्या पुस्तकांपेक्षा या दप्तराच्या गोष्टीत सापडली.

आधी दप्तर म्हणजे काय ते बघू. पेशव्यांचा कारभार कागदावर चालायचा. पुण्याच्या हुजूर दप्तरात दोन मुख्य भाग होते, चालतं दप्तर आणि एकबेरीज दप्तर. चालतं दप्तर म्हणजे रोजचं काम, फडणीसांच्या थेट हाताखालचं. एकबेरीज दप्तरात सगळीकडचे हिशोब येऊन जमा व्हायचे आणि त्यांचे गोषवारे तयार व्हायचे. रोजकीर्दीत नोंद व्हायची तारखेप्रमाणे, आणि खतावणीत तीच नोंद तिच्या सदराखाली जायची. आपल्या भाषेत सांगायचं तर रोजकीर्द म्हणजे लॉग आणि खतावणी म्हणजे इंडेक्स. कागद बांधून ठेवायचे ते चौकोनी फडक्यात, त्याला रुमाल म्हणतात. आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात हे दप्तर रुमालांनीच मोजतात. असे हजारो रुमाल आहेत आणि आतले कागद कोटींच्या घरात.

यातली पहिली शिकवण अगदी साधी आहे. चालू काम आणि संपलेलं काम एका जागी ठेवू नये. आपला इनबॉक्स नेमका तिथेच फसतो. लाइटबिल, पाच वर्षांपूर्वीच्या लग्नाची पत्रिका, उद्याच्या मीटिंगचं बोलावणं आणि कुणीतरी पाठवलेलं सुविचारांचं पीपीटी, सगळं एकाच ओळीत उभं! १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं. हॉटमेल २ एमबी देत असताना त्याने १ जीबी दिली आणि 'आर्काइव्ह'चं बटण दिलं. कल्पना हीच होती, की मेल उडवू नका, पण समोरूनही हलवा. फक्त त्या बटणामागे खतावणी नव्हती. 'शोधा म्हणजे सापडेल' असं त्यांचं म्हणणं.

सापडतं का? इंग्रजी मेल सापडतात. पण आपण त्या काळात मराठी मेल रोमन लिपीत लिहायचो, आणि 'पाऊस' या एका शब्दाची चार जणांची चार स्पेलिंगं असायची. तीच गत आडनावांची. शोधायला शब्द आठवावा लागतो, आणि तो तेव्हा लिहिला होता तसाच आठवावा लागतो. दहा वर्षांनी ते कुणाला आठवणार? म्हणून वर्षाचा एक आणि ठळक विषयांचे पाच-सहा फोल्डर, एवढी जुजबी खतावणी तरी हवीच.

आता दुसरी गोष्ट, तारखेची. जुनी मराठी पत्रं वाचणाऱ्यांची खरी डोकेदुखी इथे आहे. पत्रात 'छ १२ रजब' असं लिहिलेलं असतं. छ म्हणजे चंद्र, चांद्र महिन्याचा बारावा दिवस. साल? खाजगी पत्रांत बरेचदा नसतंच! लिहिणाऱ्याला माहीत होतं, वाचणाऱ्याला माहीत होतं, मग लिहायचं कशाला? रजब महिना दरवर्षी येतो, तोही सूर्यवर्षाच्या हिशोबाने दर खेपेला दहा-अकरा दिवस आधी. मग इतिहासकाराने पत्रातला पाऊस, कुणाचा मृत्यू, कुठल्या लढाईची बातमी यावरून साल ताडायचं. सरकारी कागदावर सुहूर सन असायचा, तोही अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७६०-६१, म्हणजे पानिपतचं वर्ष. हे साल बदलायचं जूनमध्ये, मृगाला. एक साल चुकलं की पत्रातली बातमी लढाईच्या आधीची की नंतरची हेच उलटं होऊन बसतं.

वाचताना हसू येतं ना? आता आपल्या मशीनवर 'फायनल', 'फायनल २' आणि 'एकदम फायनल' या तीन फायलींमधली शेवटची कुठली ते सांगा. 'तारीख बघू की' म्हणाल, तर फाइल एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी केली की 'क्रिएटेड' ही तारीख बहुतेक वेळा कॉपी केल्याचीच पडते. फोटोच्या पोटात कॅमेरा तारीख लिहून ठेवतो, पण तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवला की ती माहिती गळून जाते. म्हणून तारीख फाइलच्या नावातच, आणि तीही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी. '२००७-०८-१५ करार' असं नाव दिलं की नावाने लावलेली यादी आपोआप कालक्रमाने लागते.

मेलच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. जुन्या पत्रांवर पत्र मिळाल्यावर 'पै॥' म्हणजे पैवस्ती, अशी पोचल्याची तारीख टाकायची पद्धत होती. पाठवणाऱ्याने काही लिहो न लिहो, घेणाऱ्याची नोंद पक्की. मेलच्या हेडरमध्ये 'रिसीव्हड' च्या ओळी असतात त्या याच. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली पैवस्ती टाकत जातो. पण मेलमधला मजकूर कॉपी करून वर्डमध्ये चिकटवला की हे सगळं गेलं. म्हणून मेल जपायचा तो हेडरसकट, साध्या मजकुराच्या एमबॉक्ससारख्या फाइलमध्ये. थंडरबर्ड तो तसाच ठेवतो.

आता प्रश्न येतो की पेशवे दप्तर टिकलं कसं. इतिहासाच्या प्रेमाने नाही, बरं का. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तराची शिस्त ढिली पडली होती. १८१८ मध्ये राज्य गेलं आणि कागद इंग्रजांच्या हाती आले. त्यांना ते हवे होते कारण कुठली जमीन कुणाला इनाम आहे, कुठून सारा मिळायला हवा, हे त्यांत लिहिलेलं होतं. पुढे १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने याच कागदांवरून लोकांचे हक्क तपासले आणि कित्येकांची इनामं गेली. कागद ज्या दगडी इमारतीत ठेवले तिचं नावच एलिएनेशन ऑफिस, म्हणजे इनामांची कचेरी. संशोधकांना मात्र तिथे अनेक वर्षं मोकळा शिरकाव नव्हता. कागद सरकारपाशी होते आणि वाचू शकणारे बाहेर उभे.

शेवटी मुंबई सरकारने निवडक कागद छापायचं ठरवलं. त्यासाठी जदुनाथ सरकारांनी बराच जोर लावला आणि काम आलं सरदेसायांकडे. १९३० ते १९३४ एवढ्या काळात त्यांनी आणि मदतनिसांनी ४५ खंड काढले. पासष्टी उलटलेला माणूस, मोडीचे ढिगारे आणि ४५ खंड! निवडीवर पुण्यात टीकाही झाली, आणि ती अगदीच गैरलागू नव्हती. निवडायचं म्हणजे वगळायचंही, आणि राजकारणाच्या मागे लागलं की बाजारभाव आणि गावचा हिशोब मागे राहतो. पण त्यांचं एक काम मला या खंडांइतकंच मोलाचं वाटतं. १९३३ साली त्यांनी या दप्तराची मार्गदर्शिका छापली. कुठल्या भागात कसले कागद आहेत ते त्यात सांगितलंय. म्हणजे इतक्या वर्षांच्या ढिगाऱ्याला रियासतकारांनी 'रीडमी' फाइल लिहिली!

सरदेसायांच्या खाजगी पत्रांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. सरकार आणि सरदेसाई यांचा पत्रव्यवहार जवळजवळ अर्धशतक चालला. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ते घेणाऱ्याकडे जातं. त्यामुळे जदुनाथांचं मन सरदेसायांच्या कागदांत साठत गेलं. सरदेसायांनी ती पत्रं जपली, म्हणून हरिराम गुप्तांना १९५७-५८ च्या सुमारास सरकारांचं चरित्र आणि पत्रं छापता आली. सरकार १९५८ साली गेले, सरदेसाई १९५९ साली. जपणूक एक-दोन वर्षं जरी लांबली असती, तरी घरच्यांनी त्या गठ्ठ्याचं काय केलं असतं कुणास ठाऊक. आपले मेल तर दोन्हीकडे असतात, पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे. पण दोन्हीकडे पासवर्डच्या आड. खातेदार गेला की गठ्ठा घरच्यांना दिसतसुद्धा नाही.

आणि दिसला तरी वाचता यायला हवा. इथे मावळातलंच आणखी एक उदाहरण आहे. कामशेतहून पुढे लोणावळ्याच्या अलीकडे कार्ल्याची लेणी लागतात. तिथल्या सातवाहनकाळच्या ब्राह्मी लेखांत 'मामाल' हे नाव आहे, म्हणजे आपलं मावळ, आणि भिक्षूंना दिलेल्या गावाची नोंद आहे. दगडाला काहीच झालं नाही, पण मधली कित्येक शतकं ती लिपी वाचणाराच कुणी नव्हता. १८३७ च्या सुमारास प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली तेव्हा असे लेख पुन्हा बोलायला लागले. पेशवे दप्तराचं तेच, ते मोडीत आहे. शाळेतून मोडी गेली आणि वाचणारे हाताच्या बोटांवर आले. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण वाचणारा माणूस युनिकोड देत नाही.

आपली मोडी कुठली म्हणाल, तर युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांत टाइप केलेले लेख, आजोबांच्या आठवणी, सोसायटीची इतिवृत्तं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि घरातलं कुणीतरी 'फाइल करप्ट झाली' म्हणून ती उडवून टाकतं. ती करप्ट नसते हो! फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, त्यातून काढून युनिकोड करून ठेवा. ज्याने टाइप केलं तो माणूस आहे तोवरच हे करा, कारण अडलेला शब्द फक्त तोच सांगू शकतो.

आणि दुसऱ्याच्या वाड्यात ठेवलेल्या दप्तरावर विसंबू नका. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये, याहू ग्रुप्स २०२० मध्ये. त्यात किती मराठी गप्पा, पाककृती, परदेशातल्या पोरांनी घरी लिहिलेल्या गोष्टी गेल्या याचा हिशोब कुठल्याच रोजकीर्दीत नाही.

थोडक्यात काय, तर या रविवारी एक काम करा. गेल्या वर्षाचा मेल आणि फोटो एका फोल्डरात बांधा, म्हणजेच एक रुमाल करा. त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घाला आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. आणि एका साध्या कागदावर, पेनाने, काय कुठे आहे आणि कसं उघडायचं ते लिहून घरच्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा. एक पान पुरतं. एवढं झालं की मग खुशाल लोणावळ्याला जा, भजी खा. जाताना कामशेत आलं की मात्र खिडकीतून बाहेर बघा.