बॅकअप सॉफ्टवेअर अपडेट करायला आयटीवाले एवढे का घाबरतात?

फोनमधलं ॲप अपडेट करायला कुणी दोनदा विचार करत नाही. रात्री फोन चार्जिंगला लावला की सकाळपर्यंत काम झालेलं असतं. पण बँक, हॉस्पिटल किंवा कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये चालणाऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं की आयटी टीम लगेच बटण दाबत नाही. आधी जरा थांबू, दुसऱ्या कुणाचं काय होतंय ते बघू, असाच बहुतेकांचा पवित्रा असतो.

यात घोळ असा की गेल्या काही वर्षांत थांबणं हेच जास्त धोक्याचं ठरलंय. तर हे प्रकरण नेमकं काय आहे ते बघू.

घरच्या बॅकअपमध्ये फोटो पेनड्राइव्हवर टाकले की विषय संपतो. कंपनीत मात्र शेकडो सर्व्हर असतात आणि त्यातले बरेचसे व्हर्च्युअल, म्हणजे एकाच मोठ्या मशीनवर एकत्र चालणारे. पगाराचा डेटाबेस, ईमेल, बिलिंग, पेशंटचे रिपोर्ट हे सगळं चालू असतानाच त्याची प्रत काढावी लागते. रोज पूर्ण प्रत काढायची तर डिस्कही पुरणार नाही आणि रात्रही. म्हणून एकदा पूर्ण प्रत काढतात आणि नंतर रोज फक्त बदललेला भाग जोडत जातात. याला बॅकअपची साखळी म्हणतात. साखळीच म्हणायचं कारण सरळ आहे: मधली एक कडी खराब निघाली तर तिच्या पुढचं काहीच कामाचं राहत नाही.

या धंद्याचं पुण्याशी जुनं नातं आहे. क्लाउड बॅकअप देणारी ड्रुवा २००८ मध्ये पुण्यातच सुरू झाली. नेटबॅकअप हे बड्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हेरिटासचं मोठं डेव्हलपमेंट सेंटरही पुण्यात. व्हेरिटासचा हा व्यवसाय डिसेंबर २०२४ मध्ये कोहेसिटी या कंपनीत विलीन झाला. पण नव्या फीचर्सचा आणि अपग्रेडच्या कटकटीचा खेळ समजून घ्यायचा तर वीमचं उदाहरण सगळ्यात सोयीचं पडतं.

वीमची सुरुवात २००६ सालची. रात्मीर तिमाशेव आणि आंद्रेई बारोनोव हे तिचे संस्थापक. व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप हा विषय तिने उचलला आणि बाजार मारला. जानेवारी २०२० मध्ये इन्साइट पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीने ती सुमारे ५ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं.

आधी बॅकअप सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनमध्ये काय यायचं? वेग वाढला, डिस्क कमी लागते, नवीन टेप ड्राइव्ह चालते, अशा गोष्टी. मग रॅन्समवेअर आलं आणि सगळं गणित बदललं. कंपनीकडे बॅकअप असेल तर ती खंडणी देणार नाही, हे हल्लेखोरांच्या लक्षात आलं. त्यामुळे ते नेटवर्कमध्ये शिरले की फाइल्स लॉक करायच्या आधी बॅकअप सर्व्हर शोधतात आणि तिथल्या प्रती पुसतात. चोराने घरात शिरून आधी टेलिफोनची वायर कापावी, तसं.

मग फीचर्सही त्याच दिशेने यायला लागली. वीमच्या १० व्या व्हर्जनमध्ये क्लाउडवरच्या प्रती ठरावीक दिवस कुणालाच पुसता येणार नाहीत अशी सोय आली. २०२१ च्या ११ व्या व्हर्जनने तीच सोय स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर दिली. बॅकअप सॉफ्टवेअरच्या ॲडमिनचा पासवर्ड चोराच्या हातात पडला तरी मुदत संपेपर्यंत तिथली फाइल डिलीट होत नाही. गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात उपयोगाचं फीचर कुठलं असं विचारलं तर उत्तर हेच.

फेब्रुवारी २०२३ मध्ये १२ वं व्हर्जन आलं. त्यात कन्सोलमध्ये लॉगिन करताना दुसरा कोड मागायची सोय आली आणि बॅकअप थेट क्लाउडसारख्या स्टोरेजवर पाठवता यायला लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आलेलं १२.१ बॅकअप घेता घेताच डेटा तपासायला लागलं. काल वाचता येणारी फाइल आज अचानक अर्थहीन अक्षरांचा ढीग झाली असेल, तर ती कुणीतरी एन्क्रिप्ट केली असावी असा इशारा ते देतं. बॅकअप पुसण्यासारख्या कामांना दोन ॲडमिनची मंजुरी लागेल अशी तरतूदही त्यातच आली. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, तोच प्रकार.

ऑगस्ट २०२४ च्या १२.२ मध्ये प्रॉक्समॉक्स या मुक्त स्रोत प्रणालीचा बॅकअप घ्यायची सोय मिळाली. यामागे वेगळंच कारण होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, लायसन्सची पद्धत बदलली आणि अनेक कंपन्या पर्याय शोधायला लागल्या. ग्राहक जिकडे जाणार, तिकडे बॅकअपवाल्यांना जावंच लागतं.

एवढं चांगलं असेल तर अपडेट करायला अडचण काय?

पहिली अडचण म्हणजे मागे फिरता येत नाही. अपग्रेड करताना सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसची रचना बदलते. कुठल्या मशीनचा बॅकअप कधी, कुठे, कोणत्या पासवर्डने घ्यायचा याची सगळी कुंडली या डेटाबेसमध्ये असते. एकदा ती नव्या रचनेत गेली की जुनं व्हर्जन ती वाचू शकत नाही. म्हणून अपग्रेडच्या आधी या कुंडलीचाच बॅकअप घेतात. यात एक खाच अनेकांना नडते. वीममध्ये हा कॉन्फिगरेशन बॅकअप एन्क्रिप्शन चालू न करता घेतला तर साठवलेले पासवर्ड त्यात येतच नाहीत. रीस्टोअर होतो, जॉब दिसतात, पण एकही चालत नाही आणि मग मध्यरात्री प्रत्येक सर्व्हरचा पासवर्ड शोधत बसायची वेळ येते.

डेटाबेस हाही एक विषयच आहे. आधी वीम मायक्रोसॉफ्टच्या फुकट एसक्यूएल एक्सप्रेसवर चालायचं आणि त्याला १० जीबीची मर्यादा. मोठ्या कंपनीत ती भरायची. १२ व्या व्हर्जनपासून नवीन इन्स्टॉलेशनला पोस्टग्रेएसक्यूएल मिळतं, तिथे ही मर्यादा नाही. पण जुन्या सर्व्हरवर अपग्रेड केलं तर जुनाच डेटाबेस कायम राहतो. तो बदलायचा असेल तर कॉन्फिगरेशन बॅकअप घेऊन नव्या डेटाबेसवर रीस्टोअर करायचं काम वेगळं करावं लागतं. अपग्रेड केला म्हणजे १० जीबीचा प्रश्न सुटला, असं समजणारा फसतो.

शिवाय मुख्य सर्व्हर अपग्रेड झाला म्हणजे काम संपत नाही. डेटा वाहून नेणारे प्रॉक्सी, साठवणारे सर्व्हर, मशीनवर बसवलेले एजंट या सगळ्यांचे भाग नव्या व्हर्जनला आणावे लागतात. ज्यांचा बॅकअप घ्यायचा त्यांच्याशी पटायलाही हवं. व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली आधी अपडेट केली आणि बॅकअप सॉफ्टवेअरला ती ओळखताच आली नाही तर त्या रात्रीचे बॅकअप बसले. म्हणून शहाणी टीम आधी कोणतं व्हर्जन कशाशी चालतं याचा तक्ता बघते.

बॅकअप बसला आणि लाल खूण दिसली तर ते परवडतं. भीती असते ती हिरव्या खुणेची. २०१४ मध्ये व्हीएमवेअरच्या प्रणालीतली अशीच एक चूक समोर आली. कालपासून कोणता भाग बदलला हे बॅकअप सॉफ्टवेअरला ती प्रणालीच सांगते. व्हर्च्युअल डिस्क वाढवताना १२८ जीबीचा टप्पा ओलांडला की ती चुकीचं उत्तर द्यायची. बॅकअप यशस्वी दिसायचा, पण आत काही तुकडे गायब. हे कळणार कधी? रीस्टोअर करायची वेळ आल्यावर.

गिटलॅबची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनियरने चुकून चालू डेटाबेसचंच फोल्डर पुसलं. चूक लक्षात येऊन त्याने लगेच थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. ठीक आहे, बॅकअप आहे ना! बघितलं तर बॅकअपची जागा रिकामी. झालं असं होतं की डेटाबेसचं व्हर्जन होतं ९.६ आणि बॅकअप काढणारं टूल ९.२ चं चालत होतं. टूल रोज एरर देऊन बंद पडायचं. त्याचे ईमेलही जायचे, पण सही नसलेले म्हणून मेल सर्व्हर ते नाकारायचा. शेवटी कुणीतरी चाचणीसाठी सहा तास आधी काढलेली एक प्रत कामी आली. तरी साधारण ५,००० प्रोजेक्ट, तितक्याच कमेंट आणि ७०० नवी खाती यांचा डेटा गेला. गिटलॅबने हे लपवलं नाही, डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं.

जपानच्या क्योटो विद्यापीठात तर बॅकअपच्या अपडेटनेच घात केला. तिथल्या सुपरकॉम्प्युटरची बॅकअप स्क्रिप्ट पुरवठादार कंपनी एचपीईच्या जपानी शाखेने सुधारली. कोड वाचायला सोपा व्हावा म्हणून व्हेरिएबलची नावं बदलली. जुने लॉग पुसायचं काम याच स्क्रिप्टकडे होतं. नवी स्क्रिप्ट टाकली गेली तेव्हा जुनी चालूच होती. अशी स्क्रिप्ट ओळीओळीने वाचली जाते, त्यामुळे अर्ध्यातून नवी फाइल वाचली गेली, व्हेरिएबल रिकामं निघालं आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइल्स पुसल्या जायला लागल्या. १४ ते १६ डिसेंबर २०२१ या काळात सुमारे ७७ टीबी डेटा आणि ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फाइल्स गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांचा डेटा परत आणता आला नाही. कंपनीने पूर्ण जबाबदारी घेतली.

हे वाचून वाटेल की मग जुन्याच व्हर्जनवर राहिलेलं बरं. पण तिथे दुसरी बाजू येते.

मार्च २०२३ मध्ये वीममध्ये सीव्हीई-२०२३-२७५३२ हे भगदाड जाहीर झालं. ९४०१ नंबरच्या पोर्टपर्यंत पोचलेला कुणीही लॉगिन न करता साठवलेले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेल्या रूपात काढू शकत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-४०७११ आलं. दहापैकी ९.८ गुणांची तीव्रता, म्हणजे लॉगिनशिवाय सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येणार. ऑक्टोबरमध्ये अकिरा आणि फॉग या रॅन्समवेअरच्या हल्ल्यांत त्याचा वापर झाल्याचं सोफोसने सांगितलं. याचा उपाय होता १२.२. म्हणजे भोक बुजवायचं तर नव्या फीचर्ससकट अख्खं व्हर्जन घ्यायचं. पहिला पॅच येईपर्यंत थांबू म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत झाली.

मार्च २०२५ चं भगदाड आणखी वेगळं. बॅकअप सर्व्हर कंपनीच्या विंडोज डोमेनला जोडलेला असेल तर डोमेनमधला साधा कर्मचारी खातेदारही त्यावर कोड चालवू शकत होता. बॅकअप सर्व्हर डोमेनला जोडू नका असं वीमच्या मार्गदर्शक सूचनांत होतंच, पण सोयीसाठी अनेकांनी जोडला होता. उपाय १२.३.१ मध्ये आला.

विंडोज आणि डोमेनच्या या भानगडीतून सुटायला सप्टेंबर २०२५ च्या १३ व्या व्हर्जनमध्ये वीमने तयार लिनक्स सर्व्हर दिला. रॉकी लिनक्सवर बांधलेला, गरजेपुरतंच सॉफ्टवेअर असलेला आणि सुरक्षेचे अपडेट स्वतःहून घेणारा. मात्र पहिलं १३.० फक्त नवीन उभारणीसाठी होतं. आधीपासून विंडोजवर असलेल्यांसाठी अपग्रेडची वाट नोव्हेंबरमधल्या १३.०.१ ने उघडली. त्यातही पूर्वतयारी तीच: सगळे जॉब थांबवायचे, कॉन्फिगरेशन बॅकअप एन्क्रिप्ट करून दुसऱ्या मशीनवर ठेवायचा, तक्ता तपासायचा, आणि अपग्रेड झाल्यावर हिरव्या खुणेवर न थांबता एखादं मशीन खरंच रीस्टोअर करून, चालू करून, त्यात लॉगिन करून बघायचं.